लाख आसनांचे क्रीडांगण : पैसा कोणाचा, जागा कोणाची?

मँचेस्टर हे नाव मराठी वाचकाला प्रथम परिचित झाले ते कापडामुळे. मुंबईच्या गिरण्यांनी ज्या शहराच्या मालाशी स्पर्धा केली आणि ज्याच्या नावाचे बिरुद इचलकरंजीने ‘महाराष्ट्राचे मँचेस्टर’ म्हणून अभिमानाने मिरविले, त्या शहरातील गिरण्यांची धुराडी केव्हाच थंडावली. आज त्या शहराचा लौकिक जगभर पोहोचतो तो मुख्यतः फुटबॉलमुळे. त्यातील मँचेस्टर युनायटेड या क्लबने ११ मार्च २०२५ रोजी एक लाख आसनांचे नवे क्रीडांगण बांधण्याचा मनोदय जाहीर केला. जागा सध्याच्या ओल्ड ट्रॅफर्ड क्रीडांगणाच्या शेजारचीच. अंदाजे खर्च सुमारे २०० कोटी पौंड. प्रख्यात वास्तुशिल्पी नॉर्मन फॉस्टर यांच्या संस्थेने केलेल्या आराखड्यात तीन उत्तुंग मनोऱ्यांच्या आधाराने तोललेले छत्रीसारखे विशाल छत दाखविले आहे.

अशी घोषणा झाली की चर्चा बहुधा छताच्या आकाराभोवती आणि मनोऱ्यांच्या उंचीभोवती फिरत राहते. मूळ प्रश्न त्यामुळे मागे पडतो. वाढीव आसनांतून जे उत्पन्न येईल त्यात बांधकामाचा खर्च भागणार आहे काय? आणि भागणार नसेल, तर ती तूट कोण भरून काढणार? क्लबचे मालक, नेहमीचा प्रेक्षक, की सरकारी तिजोरी? या प्रश्नाचे उत्तर मिळाल्यावाचून मोठे क्रीडांगण बांधावे की नाही, याविषयी कोणतेही मत देणे म्हणजे बाजारात तुरी अशातला प्रकार होईल.

जुन्या वास्तूची कैफियत

नव्या क्रीडांगणाचा आग्रह धरणाऱ्यांची बाजू दुबळी आहे असे मुळीच नाही. ओल्ड ट्रॅफर्ड १९ फेब्रुवारी १९१० रोजी खुले झाले. आर्चिबाल्ड लीच या वास्तुशिल्पीने ते उभारले. दुसऱ्या महायुद्धात, १९४१ साली, जर्मन बाँबहल्ल्यात त्याची नासधूस झाली आणि १९४९ पर्यंत युनायटेडला आपले सामने प्रतिस्पर्धी मँचेस्टर सिटीच्या मैदानावर खेळावे लागले. पुढे १९८९ साली शेफील्ड येथील हिल्सबरो क्रीडांगणातील चेंगराचेंगरीत ९७ प्रेक्षकांचे प्राण गेले. त्यानंतर न्यायमूर्ती टेलर यांच्या अहवालानुसार मोठ्या क्लबांना उभ्याने सामना पाहण्याच्या जागा काढून सर्वत्र आसने बसवावी लागली. त्यामुळे ओल्ड ट्रॅफर्डची क्षमता सुमारे ४४ हजारांपर्यंत खाली आली.

यानंतरचा इतिहास ध्यानात घेण्यासारखा आहे. क्लबने जुने मैदान सोडले नाही. एकेक बाजू पाडून, मजले चढवून २००६ पर्यंत त्याने आसनक्षमता सुमारे ७६ हजारांवर नेली. खेळात यश, यशातून उत्पन्न, उत्पन्नातून बांधकाम असा हा क्रम होता. त्यानंतर मात्र मोठे काम झाले नाही. २००५ साली अमेरिकेतील ग्लेझर कुटुंबाने सुमारे ७९ कोटी पौंडांना क्लब विकत घेतला आणि या खरेदीसाठी काढलेल्या कर्जाचा मोठा भार क्लबच्याच माथी मारला. क्लब विकत घेण्याचा खर्च क्लबनेच फेडावयाचा, असा हा अजब व्यवहार! त्या कर्जाचे व्याज क्लब वर्षानुवर्षे भरीत आला आणि त्याच काळात वास्तूची आबाळ होत गेली, हा निव्वळ योगायोग मानणे कठीण आहे. मे २०२४ मध्ये आर्सेनलविरुद्धच्या सामन्यानंतर मुसळधार पावसात छतावरून पाण्याचे लोट प्रेक्षकांच्या आसनांवर कोसळले. ते दृश्य जगाने पाहिले. २०२८ च्या युरोपीय अजिंक्यपद स्पर्धेच्या क्रीडांगणांच्या यादीत मँचेस्टर सिटीच्या मैदानाला स्थान मिळाले. ओल्ड ट्रॅफर्डला नाही.

जुन्या वास्तूच्या वाढीला आणखी एक अडचण आहे. हा क्लब १८७८ साली रेल्वे कामगारांनी स्थापन केला, आणि आज त्याच्या दक्षिणेकडील बाजूला विस्तार रोखून धरते तीही रेल्वेच. प्रेक्षकांच्या सज्जामागूनच लोहमार्ग जातो. डागडुजी आणि विस्तार करून आसनक्षमता ८७ हजारांपर्यंत नेण्याचा पर्याय विचारात घेतला गेला होता. परंतु त्या काळात अनेक आसने बंद ठेवावी लागली असती. बार्सिलोनाने २०२३ साली आपल्या मैदानाचे नूतनीकरण हाती घेतले, तेव्हा संघाला जवळपास निम्म्या क्षमतेच्या पर्यायी मैदानावर दोन वर्षांहून अधिक काळ खेळावे लागले. शेजारी नवे बांधावयाचे आणि तोवर जुन्यात खेळत राहावयाचे, या योजनेमागील व्यावहारिक शहाणपण नाकारता येणार नाही.

बेरीज-वजाबाकी

तथापि, गरज सिद्ध झाली म्हणजे व्यवहार किफायतशीर ठरला असे नव्हे. २०२४-२५ या आर्थिक वर्षात क्लबचे एकूण उत्पन्न सुमारे ६६ कोटी ६५ लाख पौंड होते. पुरस्कर्ते, जाहिराती व मालविक्री यांतून ३३ कोटी ३३ लाख आले, दूरचित्रवाणी प्रक्षेपणातून १७ कोटी २९ लाख, आणि सामन्यांच्या दिवशी क्रीडांगणावर मिळणारे उत्पन्न होते १६ कोटी ३ लाख पौंड. याचा अर्थ असा की शंभर पौंडांतील जेमतेम चोवीस पौंड क्रीडांगणातून येतात.

आता साधे त्रैराशिक मांडून पाहावे. सध्या सुमारे ७४ हजार आसने आहेत. नव्या क्रीडांगणात २६ हजारांची भर पडेल. ही वाढ सुमारे ३५ टक्के होते. प्रत्येक नवे आसन प्रत्येक सामन्याला भरले आणि त्यापासून जुन्या आसनाइतकेच उत्पन्न मिळाले असे उदारपणे गृहीत धरले, तरी वार्षिक भर पडते ती सुमारे ५ कोटी ६० लाख पौंडांची. उलटपक्षी २०० कोटी पौंड ५ टक्के दराने कर्जाऊ घेतले, तर केवळ व्याजच वर्षाला १० कोटी पौंड होते. मुद्दलाच्या परतफेडीचा विचार तर अजून बाजूलाच आहे. बांधकामाचा खर्च अंदाजापेक्षा वाढतो, हा जगभरचा अनुभवही येथे जमेस धरलेला नाही.

हा हिशेब अपुरा आहे, असा आक्षेप कोणी घेईल, आणि तो काही अंशी रास्तही आहे. नवे क्रीडांगण जुन्याच्या प्रमाणात कमावीत नाही, अधिक कमावते. टॉटनहॅम या लंडनच्या क्लबने २०१९ साली सुमारे ६२ हजार ८५० आसनांचे नवे क्रीडांगण उघडले. सामन्यांच्या दिवसाचे त्याचे उत्पन्न नंतर वर्षाला १० कोटी पौंडांच्या वर गेले. जुन्या मैदानावर ते याच्या निम्म्याहूनही कमी होते. पण ही वाढ केवळ आसनांच्या संख्येने झाली नाही. कंपन्यांनी पाहुण्यांसाठी घेतलेले कक्ष, भोजनासह विकली जाणारी महाग आसने, अमेरिकन फुटबॉलचे सामने आणि संगीताचे जलसे यांनी ती साधली. आता जलशांचा भरवसा किती धरावा? माद्रिदच्या बर्नाबेऊ क्रीडांगणाचे प्रचंड खर्चाने नूतनीकरण झाल्यावर शेजाऱ्यांनी आवाजाविरुद्ध तक्रारी केल्या आणि २०२४ साली तेथील जलसे थांबवावे लागले. म्हणजे घसघशीत वाढीची खात्रीची वाट एकच उरते : प्रत्येक आसनाची किंमत वाढविणे.

किंमत कोण मोजतो?

या ठिकाणी हा प्रश्न हिशेबाच्या वहीतून बाहेर पडून सामाजिक होतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये सर जिम रॅटक्लिफ यांनी क्लबचा सुमारे पाव हिस्सा विकत घेऊन खेळविषयक कारभार हाती घेतला. त्यानंतर काटकसरीचे धोरण सुरू झाले. २०२४ साली सुमारे २५० नोकऱ्या कमी करण्यात आल्या आणि २०२५ च्या आरंभी आणखी २०० पर्यंत नोकऱ्या कमी करण्याचे घोषित झाले. २०२४-२५ च्या हंगामाच्या मध्यावरच, उरलेल्या सामन्यांसाठी सभासदांना विकावयाच्या तिकिटांचा किमान दर ६६ पौंड करण्यात आला. मुलांना व वृद्धांना मिळणारी सवलतही या तिकिटांपुरती रद्द झाली. कारकुनांना नारळ आणि नातवंडांच्या तिकिटांना चाप, असा हा काळ चालू असतानाच २०० कोटींच्या छत्रीचे चित्र प्रसिद्ध व्हावे, ही विसंगती प्रेक्षकांच्या नजरेतून सुटलेली नाही.

मोठे क्रीडांगण झाल्यास सामान्य प्रेक्षकाला जागा मिळेल, हा दिलासा त्यामुळेच तपासून घ्यावा लागतो. कर्जाचा बोजा जितका मोठा, तितका प्रत्येक आसनातून अधिकाधिक पैसा काढण्याचा दबाव मोठा. अशा स्थितीत २६ हजार नव्या आसनांपैकी किती आसने गोदी कामगाराच्या मुलाला परवडतील आणि किती आसने दूरदेशीच्या पर्यटकासाठी राखली जातील, हे क्लबच्या सदिच्छेवर सोडणे धोक्याचे आहे.

खेळातील यशाची हमीही क्रीडांगण देत नाही. आर्सेनलने २००६ साली सुमारे ३९ कोटी पौंड खर्चून ६० हजारांचे क्रीडांगण उभारले. २००५ नंतर थेट २०१४ पर्यंत त्या क्लबला एकही प्रमुख चषक जिंकता आला नाही. काटकसरीच्या त्या काळात नामवंत खेळाडू त्याच्या हातून गेले. त्यांतील रॉबिन व्हॅन पर्सी तर २०१२ साली युनायटेडलाच मिळाला. टॉटनहॅमचे उदाहरण याहून बोलके आहे. मे २०२५ मध्ये त्याने युरोपा लीगच्या अंतिम सामन्यात युनायटेडला हरविले खरे. पण इंग्लंडच्या साखळी स्पर्धेत त्या हंगामात अत्याधुनिक क्रीडांगणाचा धनी सतराव्या, आणि गळक्या छताचा धनी पंधराव्या क्रमांकावर राहिला!

सरकारी तिजोरीचा दरवाजा

मालक आणि प्रेक्षक यांच्याखेरीज तिसरा पक्ष आहे तो करदात्याचा. क्रीडांगण खासगी पैशातून होईल असे सांगण्यात आले आहे. मात्र त्याभोवतीच्या परिसराचा पुनर्विकास, रस्ते आणि तेथील रेल्वेच्या मालवाहतूक केंद्राचे स्थलांतर यांसाठी सार्वजनिक पैशाची अपेक्षा आहे. त्याच्या समर्थनार्थ क्लबने जाहीर केलेले आकडे डोळे दिपविणारे आहेत : ९२ हजार रोजगार, १७ हजार घरे, वर्षाला १८ लाख जादा पर्यटक आणि ब्रिटनच्या अर्थव्यवस्थेत दरवर्षी ७३० कोटी पौंडांची भर.

अशा आकड्यांकडे अर्थशास्त्र संशयाने पाहते, याला कारण आहे. रॉजर नोल आणि अँड्र्यू झिंबालिस्ट या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञांनी १९९७ साली संपादित केलेल्या ग्रंथात अनेक शहरांतील क्रीडांगणांचा अभ्यास मांडला गेला. क्रीडांगणांमुळे स्थानिक अर्थव्यवस्थेची लक्षणीय वाढ झाल्याचे त्यात आढळले नाही. कारण उघड आहे. घरातील करमणुकीचा पैसा ठरलेला असतो. तो क्रीडांगणात गेला की चित्रपटगृहात किंवा खाणावळीत जात नाही. एका खिशातील नाणे दुसऱ्या खिशात टाकून संपत्ती वाढत नसते. घरे आणि रस्ते हवे असतील तर ते थेट बांधता येतात. त्यासाठी छत्रीची आवश्यकता नाही.

सरकारी मदतीचा लंडनमधील दाखलाही फारसा उत्साहवर्धक नाही. २०१२ च्या ऑलिंपिकसाठी बांधलेले क्रीडांगण फुटबॉलला योग्य करण्यासाठी सुमारे ३२ कोटी पौंड लागले. त्यांपैकी वेस्ट हॅम क्लबने दिले दीड कोटी, आणि २०१६ पासून वर्षाला सुमारे २५ लाख पौंड भाडे ठरले. बाकी भार बव्हंशी सार्वजनिक संस्थांवर पडला. पुनर्विकास या शब्दाचा अर्थ मुंबईकरांना तरी वेगळा सांगावयास नको. गिरणगावातील जमिनींवर मॉल आणि गगनचुंबी इमारती उभ्या राहिल्या आणि गिरणी कामगार घराच्या प्रतीक्षेत राहिला, हे त्यांनी प्रत्यक्ष पाहिले आहे. जमिनीचे मूल्य समाजाच्या पैशाने वाढवावयाचे आणि नफा मालकाने घ्यावयाचा, ही रीत मँचेस्टरमध्येही तितकीच अन्याय्य ठरेल.

अटी आधी, पायाभरणी मागाहून

मग क्लबने नवे क्रीडांगण बांधूच नये काय? असा टोकाचा निष्कर्ष काढण्याचे कारण नाही. छत गळते आहे, प्रेक्षक मोठ्या संख्येने येऊ इच्छितात, आणि शतकभराच्या वास्तूलाही आयुष्याची मर्यादा असते. परंतु पायाभरणीपूर्वी तीन गोष्टी लेखी व बंधनकारक व्हावयास हव्यात. पहिली, खर्चाचा मोठा भाग मालकांनी नव्या भागभांडवलाच्या रूपाने आणावा. २००५ च्या कर्जातून न सुटलेल्या क्लबवर दुसरे डोंगराएवढे कर्ज लादू नये. दुसरी, नव्या आसनांचा ठरावीक हिस्सा सामान्य दराने, सवलतींसह, दीर्घ मुदतीसाठी राखून ठेवावा. तिसरी, सार्वजनिक पैसा केवळ सार्वजनिक कामांवर खर्च व्हावा आणि जमिनीच्या वाढीव मूल्यातील वाटा स्थानिक संस्थांना परत मिळावा.

या अटी मालकांना मान्य नसतील, तर क्लबने १९९० नंतर स्वतःच अनुसरलेला मार्ग अधिक शहाणपणाचा आहे : आधी छत, मग एकेक बाजू, उत्पन्न वाढेल तसतसे बांधकाम. तो मार्ग संथ आहे, गैरसोयीचा आहे आणि त्यात चित्रे प्रसिद्ध करण्याजोगे फारसे काही नाही. पण अंथरूण पाहून पाय पसरणाऱ्याला रात्री झोप लागते. ऋण काढून सण साजरा करणाऱ्याच्या घरी दुसऱ्या दिवशी सावकार येतो. आणि फुटबॉलच्या व्यवहारात त्या सावकाराचे देणे अखेरीस तिकिटाच्या रांगेत उभ्या असलेल्या माणसाच्याच खिशातून दिले जाते.