वलंदाजांच्या तोंडी परक्या भाषा

काळी-पांढरी संकरित गाय आता गावोगावच्या गोठ्यात दिसते. आपण तिला एच. एफ. म्हणतो. त्यातला ‘एफ’ म्हणजे फ्रिजियन. नेदरलँड्स देशाच्या उत्तरेला फ्रिजलँड नावाचा प्रांत आहे, त्या मुलखाचे नाव या गाईला चिकटले. या देशाला आपण हॉलंड म्हणतो, आणि आपल्या जुन्या कागदपत्रांत तिथल्या लोकांना वलंदाज म्हटले आहे. सतराव्या शतकात त्यांची वखार आपल्या कोकणात वेंगुर्ल्याला होती. तिचे पडके अवशेष अजून आहेत. तेव्हा ही माणसे आपल्याला अगदीच अनोळखी नाहीत.

आज मात्र त्यांच्या गाईंविषयी नव्हे, त्यांच्या जिभेविषयी बोलायचे आहे.

हा देश केवढा? महाराष्ट्राचे सात तुकडे केले, तर त्यातल्या एका तुकड्याएवढासुद्धा नाही. वस्ती सुमारे १ कोटी ८० लाख. त्यांची स्वतःची भाषा डच. परंतु २०१२ साली युरोपीय संघाने आपल्या सगळ्या देशांत भाषांची पाहणी केली, तेव्हा शंभरातल्या सुमारे ९० वलंदाजांनी सांगितले, की आम्हाला इंग्रजीत बोलता येते. ७१ जणांनी जर्मन येते म्हणून सांगितले, २९ जणांनी फ्रेंच. त्याच पाहणीत खुद्द इंग्रजांच्या देशात, एखादी तरी परकी भाषा बोलता येते असे म्हणणारे शंभरात ३९च निघाले!

मग या लोकांनी कोणती मुळी उगाळून घेतली आहे? मुळी वगैरे काही नाही. कारणे साधी आहेत, आणि ती समजून घेण्यासारखी आहेत.

पहिले कारण नात्याचे. डच, इंग्रजी आणि जर्मन या एकाच घरातल्या बहिणी. दुधाला इंग्रजीत मिल्क, डचमध्ये मेल्क. पाण्याला वॉटर आणि वाटर. गाईला काऊ आणि कू. नांगराला प्लाऊ आणि प्लूख. आपल्या मुलांना हिंदी जितकी जवळची, तितकीच त्यांच्या मुलांना इंग्रजी जवळची. अर्थात बहिणी-बहिणींतही गैरसमज होतातच. इंग्रजीत ‘वी’ म्हणजे आम्ही, डचमध्ये ‘वी’ म्हणजे कोण. आपल्याकडेही हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण, आणि मराठीत शिक्षा म्हणजे काय ते प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक आहे.

दुसरे कारण गरजेचे. ऱ्हाइन ही मोठी नदी जर्मनीतून वाहत येऊन याच देशात समुद्राला मिळते. तिच्या मुखाशी रॉटरडॅम हे युरोपातले सर्वांत मोठे बंदर आहे. आल्समेर गावी फुलांचा प्रचंड लिलाव चालतो. बटाट्याचे बेणे तिथून देशोदेशी जाते. कांद्याच्या निर्यातीत तर या देशाचा क्रमांक जगात फार वर लागतो, आणि आपल्या नाशिकच्या कांद्याला परदेशी बाजारात त्यांच्या कांद्याशी टक्कर द्यावी लागते. आता एवढा माल विकायचा, तर गिऱ्हाईक काही डच शिकून येणार नाही. ज्याला विकायचे आहे त्यानेच गिऱ्हाइकाच्या भाषेत बोलायचे, हा बाजाराचा नियम. वलंदाज तो शेकडो वर्षे पाळत आले आहेत.

तिसरे कारण मोठे गमतीचे आहे. जर्मनी, फ्रान्स, इटली, स्पेन या मोठ्या देशांत परदेशी चित्रपट आला, की त्यातली बोलणी काढून आपल्या भाषेतली घालतात. पडद्यावरचा अमेरिकन शिपाई तिथे खुशाल जर्मन बोलतो. नेदरलँड्समध्ये असे सहसा फक्त लहान मुलांच्या कार्यक्रमांना करतात. बाकीच्यांना मूळ बोलणे तसेच ठेवून खाली डचमध्ये ओळी छापतात. यामागे मूळ विचार काटकसरीचा. पाहणारे थोडे, मग नवा आवाज भरण्याचा खर्च कशाला? पण या काटकसरीने त्यांचे कल्याण केले. रोज संध्याकाळी घरबसल्या मुलांच्या कानावर इंग्रजी पडते आणि डोळ्यांपुढे तिचा अर्थ असतो. असा मास्तर फी न घेता घरी येतो!

याचा पुरावा शेजारच्या बेल्जियममध्ये मिळतो. त्या देशाच्या उत्तर भागात, फ्लँडर्समध्ये, डचच बोलतात. तिथे शाळेत पहिली परकी भाषा म्हणून फ्रेंच शिकवतात, कारण देशातल्या बाकीच्या भागाची ती भाषा. इंग्रजी मागून येते. तरीही इंग्रजीचा पहिला तास होण्याआधीच पुष्कळ मुलांना ती बरीचशी समजते, कारण गाणी, चित्रपट आणि खेळ यांतून ती आधीच घरात आलेली असते.

चौथे कारण शाळा. १९६८ पूर्वी उच्च शिक्षणाकडे नेणाऱ्या माध्यमिक शाळांत फ्रेंच, जर्मन आणि इंग्रजी या तिन्ही भाषा शिकाव्या लागत. १९८६ पासून प्राथमिक शाळेतही इंग्रजी सक्तीची झाली. आणि आता जे सांगतो ते नीट लक्षात घ्या. प्राथमिक शाळेत गणित, भूगोल, इतिहास हे सारे मुख्यतः डचमधूनच शिकवतात. अलीकडे शाळांना परकी भाषा थोडी जास्त वापरण्याची मुभा मिळाली आहे, तीही जास्तीत जास्त शेकडा १५ टक्के वेळेपुरती. ज्या फ्रिजलँडच्या गाईपासून आपण सुरुवात केली, तिथे तर शाळेत डच आणि इंग्रजीबरोबर मुलांची स्थानिक फ्रिजियन भाषासुद्धा शिकवतात. तिथे एका भाषेसाठी दुसरीला दाराबाहेर काढलेले नाही.

वाचकहो, ही गोष्ट आपल्याही घरातली आहे. मुलाला इंग्रजी यावी म्हणून गावोगावचे आईबाप पोटाला चिमटा घेऊन दूरच्या इंग्रजी शाळेची फी भरतात, पहाटे पोराला गाडीत बसवून देतात. त्यांची तळमळ खोटी नाही. इंग्रजी आली नाही म्हणून किती दारे बंद होतात, हे त्यांनी सोसलेले असते. पण जगात इंग्रजी उत्तम बोलणाऱ्या या लोकांनी मुलांचे शिक्षण मायबोलीच्या पायावरच उभे केले आहे, हे फी भरण्याआधी एकदा लक्षात घ्यावे.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. वलंदाज मुलाला जी भाषा मावशीसारखी, ती आपल्या मुलाला लांबची पाहुणी आहे. त्याने चार वर्षांत जे उचलले, ते आपल्या पोराला आठ वर्षांत आले तरी त्यात पोराची बुद्धी कमी नाही. तेव्हा रागावू नका, डोक्यात टपली तर मारूच नका.

आणि तिकडेही सगळे सुखाचे आहे असे समजू नका. त्यांच्या विद्यापीठांत इंग्रजी इतकी शिरली, की २०२३ आणि २०२४ साली तिला आवर घालावा काय, यावर सरकारात आणि संसदेत मोठा वाद झाला. इंग्रजीच्या लाटेत जर्मन आणि फ्रेंच शिकणारे विद्यार्थीही कमी होत चालले आहेत. पाणी पिकाला हवेच, पण पाट फोडून सोडले तर माती वाहून जाते.

मग आपण त्यांच्याकडून काय घ्यावे? रोजचा कान घ्यावा. आता बहुतेक घरांत मोबाइल आहे. जेवणानंतर पंधरा मिनिटे त्यावर शेतीचा, प्राण्यांचा किंवा खेळाचा एखादा इंग्रजी कार्यक्रम, खाली अक्षरे येतील असा लावावा. मुलांबरोबर आईनेही बसावे, आजोबांनीही बसावे. अर्थ लागला तर मराठीत एकमेकांना सांगावा, नाही लागला तर उद्या गुरुजींना विचारावा. आणि झोपताना गोष्ट मात्र आपल्याच भाषेत सांगावी.