कुंपण तुटलं, मग पुढे काय?

आधीच सांगतो: ‘ज्युरासिक वर्ल्ड डोमिनियन’ पाहिला नसेल तर या लेखात त्याची गोष्ट फुटणार आहे. अर्थात फुटण्यासारखं त्यात फारसं काही नाही, आणि माझी तक्रारही तीच आहे.

सुरुवात त्याच्या आधीच्या सिनेमापासून करावी लागेल. ‘फॉलन किंगडम’च्या (२०१८) शेवटी तळघरातल्या पिंजऱ्यांत डायनोसॉर विषारी वायूने गुदमरत असतात. दार उघडलं तर ते वाचतील, पण मोकळ्या जगात सुटतील. मोठी माणसं बटणापाशी येऊन थांबतात. मेझी नावाची लहान मुलगी, जी स्वतः क्लोन आहे, ती ते दाबते. मग दोनेक मिनिटांत आपल्याला पुढच्या जगाची झलक दिसते. टी. रेक्स प्राणिसंग्रहालयातल्या सिंहासमोर डरकाळी फोडतो. सर्फिंग करणाऱ्यांच्या लाटेत मोसासॉरची सावली येते. एक रॅप्टर टेकडीवर उभी राहून खालच्या वस्तीकडे बघते. संपलं.

सिनेमा एकूण साधारणच होता. पण ती दोन मिनिटं पाहून मी थिएटरमधून बाहेर पडलो तेव्हा लहान मुलासारखा खूश होतो. पंचवीस वर्षं ही मालिका एकच गोष्ट सांगत होती: बेट, कुंपण, कुंपण तुटतं, पळा. फार तर बेट बदलायचं. आता पहिल्यांदाच कुंपणच उरलं नव्हतं. आता कुठून कुठे पळणार? आता राहायचं कसं, हा प्रश्न होता.

२०२२ साली ‘डोमिनियन’ आला आणि त्याने उत्तर दिलं: काळजी नको, नवीन कुंपण आहे. इटलीत आहे.

माझा या सिनेमांवर एवढा जीव का, ते थोडक्यात सांगतो. ‘ज्युरासिक पार्क’ १९९३चा. आपल्याकडे तो १९९४ साली हिंदीत डब होऊन आला आणि इंग्रजी न येणारी अख्खी घरंच्या घरं तो बघायला गेली. मी जुन्नर तालुक्यातला. मामाने मला एम-एटीवर बसवून नेलं होतं. येताना रात्र झाली, दोन्ही बाजूंना ऊस, आणि गाडीचा दिवा दहा-बारा हातांपलीकडे पोचत नव्हता. उसाची पानं हलली की मी मामाच्या शर्टात तोंड खुपसायचो. त्या वयात अमेरिका कुठे आहे हेही मला धड माहीत नव्हतं. पण उसात काहीतरी असू शकतं, हे मला त्या सिनेमाने पटवलं होतं.

कसं पटवलं, हे मोठेपणी कळलं. दोन तासांहून थोड्या मोठ्या त्या सिनेमात डायनोसॉर पडद्यावर असतात जेमतेम पंधरा मिनिटं. त्यातली संगणकावर केलेली दृश्यं त्याहूनही थोडी. बाकी काम स्टॅन विन्स्टनच्या माणसांनी बनवलेल्या यांत्रिक धुडांनी केलं आहे. टी. रेक्स यायला तासभर लागतो. तोवर आपण काय बघतो? पेल्यातल्या पाण्यावर उठणारी वर्तुळं. आजारी ट्रायसेरॅटॉप्सच्या पोटाला कान लावून बसलेला ॲलन ग्रँट. त्याच प्राण्याच्या शेणाच्या ढिगात कोपरापर्यंत हात घालणारी एली सॅटलर. शास्त्रज्ञ म्हणजे काय काम करणारा माणूस, हे गावातल्या पोरांना त्या शेणाच्या सीनने जेवढं शिकवलं तेवढं विज्ञानाच्या पुस्तकाने शिकवलं नसेल. स्पीलबर्गने माणसांना जनावराकडे बघू दिलं. आपण त्या माणसांकडे बघत होतो, म्हणून आपल्यालाही जनावर दिसलं.

आता ‘डोमिनियन’. जगभर डायनोसॉर पसरलेत, हे तो कसं दाखवतो? बेरिंग समुद्रात मोसासॉर एका बोटीवर हल्ला करतो आणि मग बातम्यांचे तुकडे येतात. इकडे इतके मेले, तिकडे काळा बाजार सुरू झाला, सरकारने अमुक केलं. ज्यासाठी आपण चार वर्षं थांबलो ती गोष्ट बातमीच्या व्हिडिओत गुंडाळून झाली. पुढे ओवेन ग्रेडी घोड्यावरून फासा टाकून डायनोसॉर पकडतो. मग एक सुंदर प्रसंग आहे. बर्फ पडलंय, लाकडाच्या वखारीत लांब मानेचे दोन अवाढव्य प्राणी चुकून शिरलेत आणि कामगार हातातलं काम टाकून बघत उभे आहेत. कुणीच व्हिलन नाही. नुकसान होणार आहे, भीती आहे आणि तरी नजर हटत नाही. मी खुर्चीत सावरून बसलो. म्हटलं, हे! हेच! आणि तो प्रसंग संपला. सिनेमा तिथे परत कधीच गेला नाही.

त्यानंतर मेझीचं अपहरण होतं, ब्लू रॅप्टरच्या पिल्लाचंही होतं, माल्टाच्या गल्ल्यांतून मोटरसायकलचा पाठलाग होतो आणि सगळे जण डोलोमाइट डोंगरातल्या एका बंदिस्त दरीत गोळा होतात. ती दरी बायोसिन नावाच्या कंपनीची. आत डायनोसॉर, भोवती यंत्रणा, प्रयोगशाळा, लोभी मालक. मग यंत्रणा बंद पडते आणि सगळे पळतात. म्हणजे पार्कच. सहाव्यांदा.

बरं, या सिनेमाचं मुख्य संकट डायनोसॉर नाहीच. ते आहे टोळ. बायोसिनने जनुकं बदलून मांजराएवढे टोळ तयार केलेत. ते सगळी पिकं खातात, फक्त बायोसिनचं बियाणं लावलेलं शेत सोडतात. हे ऐकून तुम्हाला हसू येईल, मला आलं नाही. मे २०२०मध्ये अमरावती, वर्धा, नागपूरकडे टोळधाड आली तेव्हा लॉकडाऊनमध्ये अडकलेले शेतकरी डबे-थाळ्या बडवत रानात उभे होते. आणि बियाणं दर हंगामाला विकतच घ्यावं लागतं म्हणजे काय, हे विदर्भातल्या कापूसवाल्याला कुणी समजावून सांगायची गरज नाही. विषय फालतू नव्हताच. तो स्वतंत्र सिनेमाच्या लायकीचा होता. इथे त्याचं काय झालं? सुरुवातीला एका शेतावर टोळ येतात, ते शेतकरी कुटुंब एका प्रसंगापुरतं दिसतं आणि मग गायब. पुढे पेटलेले टोळ आकाशात उडतात, कारण पेटलेले टोळ दिसायला भारी दिसतात. एका सिनेमात दोन चांगल्या गोष्टी होत्या आणि दोघींनी मिळून एकमेकींचा गळा घोटला.

‘अरे, पण सुटलेल्या डायनोसॉरची गोष्ट करणं अवघडच आहे’, असं कुणी म्हणेल. मला हे पटलं असतं, जर खुद्द दिग्दर्शक कॉलिन ट्रेव्होरोने ती आधी करून दाखवली नसती. २०१९मध्ये त्याची ‘बॅटल ॲट बिग रॉक’ नावाची दहाएक मिनिटांची शॉर्ट फिल्म आली, यूट्यूबवर, फुकट. जंगलात तळ ठोकून राहिलेलं एक कुटुंब, रात्र, गाडीच्या खिडकीबाहेर येऊन थांबलेले प्राणी, आत तान्हं मूल. बस. मालिकेतल्या कित्येक तासांपेक्षा ती दहा मिनिटं जास्त घट्ट आहेत. आणि ‘डोमिनियन’साठी चित्रित केलेला एक भाग होता, ज्यात टी. रेक्स गाड्यांत बसून सिनेमा बघणाऱ्या लोकांमध्ये घुसतो. तो थिएटरमधल्या आवृत्तीतून कापला, नंतर वाढीव आवृत्तीत परत टाकला. टोळ मात्र ठेवले. म्हणजे जमत नव्हतं असं नाही. नको होतं.

का नको होतं, याचा मी बराच विचार केलाय. माझं उत्तर माझ्याच तालुक्यात आहे.

२००१च्या आसपास आमच्याकडे उसातले बिबटे ही रोजची गोष्ट झाली. हल्ले वाढले, माणसं गेली. बिबट्याची मादी उसात पिल्लं घालते आणि ऊस तोडायला आलेल्या टोळीला ती सापडतात. पकडलेले बिबटे माणिकडोहच्या निवारा केंद्रात ठेवतात. कुठून पकडायचा, कुठे सोडायचा, सोडला तर तिथल्या लोकांचं काय, यावर वर्षानुवर्षं भांडणं चालू आहेत. शेतीला वीज रात्री मिळते म्हणून माणूस रात्री पाणी द्यायला जातो, आणि म्हणून दिवसा वीज द्या ही मागणी बिबट्याच्या प्रश्नातली मोठी मागणी होऊन बसते. शेजारच्या शिरूर तालुक्यात २०२५मध्ये लोक गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालून शेतात जाताना दिसले. मानेला धरू नये म्हणून. कुठल्या साय-फाय लेखकाला हे सुचलं असतं? खिळ्यांचा पट्टा घातलेली बाई खुरपं घेऊन बांधावर बसलीय, हे एक चित्र ‘डोमिनियन’च्या १४७ मिनिटांपेक्षा मोठं आहे.

मोठ्या जनावरासोबत राहणं म्हणजे हे असतं. त्यात क्लायमॅक्स नसतो. विजेचं वेळापत्रक असतं, नुकसानभरपाईचा अर्ज असतो, ‘मारून टाका’ म्हणणारा भाऊ आणि ‘त्याचं घर आपणच खाल्लं’ म्हणणारी बहीण एकाच ताटात जेवत असतात. दोघंही खोटं बोलत नसतात. अशा गोष्टीत खलनायक मेला की प्रश्न सुटत नाही, आणि ‘डोमिनियन’ला नेमकं तेच झेपत नाही. म्हणून तो दरीत पळतो, तिथे खलनायकाला मारतो, तीन राक्षसी डायनोसॉरांची कुस्ती लावतो आणि शेवटी हत्तींच्या कळपासोबत चालणारे ट्रायसेरॅटॉप्स दाखवून म्हणतो, बघा, सहजीवन! ज्या प्रश्नासाठी तिकीट विकलं, त्याचं उत्तर शेवटच्या मिनिटात कॅलेंडरवरच्या चित्रासारखं टांगलं.

‘पॉपकॉर्न पिक्चर आहे, एवढं काय मनावर घेतोस?’ हे मला मित्रांनी ऐकवलंय. पहिला सिनेमाही पॉपकॉर्नच होता. पॉपकॉर्न खाता खाताच मी भ्यायलो होतो. दुसरं म्हणणं, ‘तू मोठा झालास, म्हणून मजा येत नाही.’ मग ती वखार बघताना का आली? तिसरं, ‘शंभर कोटी डॉलरच्या वर कमावले, लोकांना आवडतंय.’ कमावले, कारण ॲलन, एली आणि इयन माल्कम तिघांना एकत्र परत आणलं होतं. त्यांच्यासाठी मीही गेलो. सॅम नील, लॉरा डर्न, जेफ गोल्डब्लम पडद्यावर आले तेव्हा टाळ्या वाजवणाऱ्यांत मी होतो. पण त्यांना करायला काम काय दिलं? एलीला पुन्हा गॉगल काढायला लावला, माल्कमला पुन्हा पेटती मशाल दिली. आपल्या आठवणी आपल्यालाच वाढीव भावाने परत विकल्या. याला चाहत्यांचा मान ठेवणं म्हणत नाहीत.

आणि सगळ्यात झोंबलं ते पुढे. २०२५च्या ‘रीबर्थ’ने काय सांगितलं माहितीये? बाकीच्या जगाचं हवामान डायनोसॉरांना मानवलं नाही, ते मरत आहेत, लोकांनाही त्यांचा कंटाळा आलाय. आता ते फक्त विषुववृत्ताजवळ उरलेत आणि तिथे जायला बंदी आहे. एका फटक्यात बटण दाबणाऱ्या मेझीचा निर्णय पुसून टाकला. आणि विषुववृत्ताजवळ कोण राहतं? इंडोनेशिया, काँगो, केनिया, ब्राझील. कोट्यवधी माणसं. तिथे ‘जायला बंदी’ म्हणजे तिथे राहणाऱ्यांचं काय, हा प्रश्न सिनेमाला पडतसुद्धा नाही. त्याला हवं ते बेट मिळतं, आणि पुन्हा पळा.

गंमत म्हणजे स्पीलबर्गने हे सगळं १९९७मध्येच दोन-चार मिनिटांत करून ठेवलं होतं. ‘द लॉस्ट वर्ल्ड’मध्ये टी. रेक्स सॅन दिएगोतल्या एका घराच्या परसात येतो, स्विमिंग पूलचं पाणी पितो. वरच्या खोलीतला मुलगा जागा होतो, आईबापाला उठवतो. ते खिडकीतून बघतात तर डायनोसॉरच्या जबड्यातून साखळी लोंबतेय आणि साखळीला कुत्र्याचं घर.

आमच्याकडेही बिबट्या आधी कुत्राच नेतो. सकाळी अंगणात तुटलेली साखळी पडलेली असते. मामाकडे गेल्या दहा वर्षांत तीन कुत्रे झाले. आता तो कुत्रा पाळत नाही, आणि अंधार पडल्यावर मला एकट्याला रस्त्यापर्यंतही जाऊ देत नाही. मी चाळिशीत आहे.

हा सिनेमा मला बघायचाय. पुढचा भाग आला की मी पुन्हा तिकीट काढीन हे मला माहीत आहे, आणि त्यांनाही.