चोवीस तासांचे दुकान आणि शेजाऱ्याची झोप

राज्याच्या उद्योग, ऊर्जा व कामगार खात्याने 1 ऑक्टोबर 2025 रोजी जो शासन निर्णय प्रसृत केला, त्याने मद्यविक्रीची ठिकाणे वगळता राज्यातील दुकाने, उपाहारगृहे आणि व्यापारी संकुले चोवीस तास उघडी ठेवण्यास कायद्याची मुभा असल्याचे पोलिसांना व स्थानिक अधिकाऱ्यांना निःसंदिग्ध शब्दांत बजावले. आणि 2017 च्या दुकाने व आस्थापना अधिनियमाने दिलेली ही मुभा खालच्या पातळीवर नाकारली जाते, या व्यापाऱ्यांच्या तक्रारीला अखेर दाद मिळाली. व्यापाऱ्यांची ही बाजू खोटी नाही. पुण्याजवळच्या परंदवडी, सोमाटणे फाटा, शिरगाव या पट्ट्यात ज्याचे वास्तव्य आहे, त्याला जुन्या महामार्गाची वर्दळ, शेजारून जाणारा द्रुतगती मार्ग आणि तळेगावच्या औद्योगिक वसाहतीतील पाळ्या ठाऊक आहेत. रात्रपाळी संपवून निघालेल्या कामगाराला गरम जेवण किंवा आजारी मुलासाठी औषध मध्यरात्रीही मिळावे, ही मागणी चैनीची म्हणता येणार नाही.

तथापि या निर्णयाच्या मुळाशी असलेला कायदा कामगारांचा आहे, हे विसरून चालणार नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नांनी 1890 साली गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळाली, आणि पुढे 1948 च्या मुंबई दुकाने व संस्था अधिनियमाने दुकाने उघडण्याच्या व बंद करण्याच्या वेळा ठरवून दिल्या, त्या गुमास्त्याला विश्रांती मिळावी म्हणून. त्या वेळांच्या आडोशाला दुकानाच्या भिंतीपलीकडचा शेजारीही निवांत झोपत असे. पण ही निवांतता त्याला ओघाने मिळालेली होती, हक्काने नव्हे. म्हणूनच 2017 साली वेळांचे बंधन उठले, तेव्हा कामगाराला आठवड्यातून सलग चोवीस तासांची सुटी मिळाली, रात्री साडेनऊनंतर काम करणाऱ्या स्त्रीची संमती व सुरक्षितता यांची तजवीज झाली. शेजाऱ्याच्या पदरात मात्र काहीच पडले नाही, कारण या दप्तरात त्याचे नाव कधी चढलेच नव्हते.

रात्रीच्या दुकानाचा उपद्रव दर्शनी बाजूस क्वचितच दिसतो. ग्राहक येतो, वस्तू घेतो आणि निघून जातो. त्याचा त्रास थोडा. खरा त्रास मागल्या दारी असतो. पहाटे दोनच्या सुमारास मालमोटार मागे घेताना तिचा कर्कश भोंगा वाजू लागतो, प्लॅस्टिकचे क्रेट एकावर एक आदळतात, शटर खडखडत वर जाते, वीज गेली की जनित्र धडधडू लागते, आणि शीतकपाटांच्या यंत्रांचा घुमारा तर उजाडेपर्यंत थांबत नाही. पहाटे उठून कामाला लागणाऱ्या घरात यातला प्रत्येक आवाज झोपेचा लचका तोडतो.

कायदा याबाबतीत अगदीच मुका नाही. ध्वनिप्रदूषण नियम, 2000 नुसार रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत निवासी क्षेत्रात 45 आणि व्यापारी क्षेत्रात 55 डेसिबल ही मर्यादा आहे. सर्वोच्च न्यायालयाने 2012 साली रामलीला मैदान प्रकरणात झोप ही जीविताच्या मूलभूत हक्कातच मोडते, असे सांगितले. आणि सार्वजनिक उपद्रव दूर करण्याचा हुकूम काढण्याचा अधिकार पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 133 अन्वये कार्यकारी दंडाधिकाऱ्यांना होता, तो आता नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 152 मध्ये कायम आहे. परंतु हे सारे उपाय उपद्रव घडून गेल्यानंतरचे आहेत. झोपमोड झालेल्या माणसाने वडगावच्या तालुका कचेरीत खेटे घालावेत आणि तोवर दुकानाचा क्रम अव्याहत चालावा, ही न्यायाची उफराटी रीत झाली. बंधने परवान्याच्या वेळीच घातली गेली पाहिजेत.

याला आधार हवा असेल तर तो शोधायला फार लांब जावे लागत नाही. जानेवारी 2020 मध्ये मुंबईला रात्रीच्या व्यापाराची मोकळीक मिळाली, तेव्हा प्रारंभी अनिवासी भागांतील व्यापारी संकुलांचीच निवड झाली होती. ब्रिटनच्या 1994 च्या रविवार व्यापार कायद्याने मोठ्या दुकानांना रविवारी उघडण्याची मुभा देताना, स्थानिक संस्थेने ठरवलेल्या भागांत तिच्या संमतीवाचून सकाळी नऊपूर्वी माल चढवण्या-उतरवण्यास मनाई केली. दुकानाची वेळ आणि मालाची वेळ या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे तेथील विधिमंडळाने ओळखले. आणि आपल्याच राज्यात गावातील स्त्रियांनी आडव्या बाटलीला मत देऊन परवानाधारक दारूचे दुकान बंद पाडल्याची उदाहरणे आहेत. परवाना असलेला धंदाही शेजाऱ्यांच्या मताने बंद होऊ शकतो, हे ज्या शासनाने मान्य केले, त्याने रात्रीच्या धंद्याच्या अटी ठरवताना शेजाऱ्यांना विचारण्यास का कचरावे?

व्यापारी म्हणतील की शहरातील अनेक रस्त्यांवर दिवसा जड वाहनांना बंदी असते, म्हणून माल रात्रीच येतो. ही अडचण खरी आहे. पण माल रात्री येतो म्हणून तो घरांच्या खिडक्यांखालीच उतरवावा, असे त्यातून निष्पन्न होत नाही. महामार्गाकडील दर्शनी दार खुशाल चोवीस तास उघडे असावे. वस्तीकडील दार मात्र रात्री दहाला बंद होऊन सकाळी सहाला उघडावे, आणि माल उतरवणे महामार्गाच्या बाजूलाच व्हावे. जनित्रास ध्वनिरोधक आवरण असल्याची खातरजमा परवान्यापूर्वीच व्हावी, तक्रार घेणाऱ्या अधिकाऱ्याचे नाव व दूरध्वनी क्रमांक दुकानाबाहेर ठळक लावलेला असावा, आणि ही मुभा वर्षापुरती देऊन तिचे नूतनीकरण ग्रामसभेचे म्हणणे ऐकूनच व्हावे.

परंदवडीच्या आसपास नव्या वसाहती उठत आहेत आणि त्यांच्या मागोमाग मोठी दुकानेही येणारच. संकुले एकदा उभी राहिली, गाळे विकले गेले, वहिवाट पडली, म्हणजे अटी घालणे दुरापास्त होते. म्हणून पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने आणि ग्रामपंचायतींनी या अटी आजच, बांधकामाच्या परवानगीतच, लिहून ठेवाव्यात.