जोडकमाईचा कर : चोरी नको, भीतीही नको

हिरण्यकेशीच्या काठी वसलेले गडहिंग्लज मिरचीच्या बाजारासाठी आणि फुटबॉलच्या वेडासाठी ओळखले जाते. एका नोकरीवर विसंबून न राहणे हाही या भागाचा जुना स्वभाव आहे. संस्थेतील हिशेबनीस संध्याकाळी चार दुकानांच्या वह्या लिहितो, कारखान्यातील कर्मचारी सुट्टीच्या दिवशी विम्याचे काम पाहतो आणि घरटी थोडाफार ऊस असतोच. २०२० च्या महामारीनंतर या परंपरेत नवी भर पडली. पुण्याच्या किंवा बंगळुरूच्या कंपनीची नोकरी गावातील घरातून करणारा तरुण रात्री कोणाचे संकेतस्थळ बांधून देतो, कोणाच्या चित्रफितीचे संपादन करतो, कोणाला भाषांतर करून देतो. घाम गाळून मिळवलेली ही जोडकमाई सन्मानाचीच आहे. तालुक्याच्या गावी राहून देशभरचे काम करता येणे ही ग्रामीण अर्थकारणाला लाभलेली संधी आहे.

मात्र या कमाईवरील कराचा प्रश्न निघाला की सुशिक्षित मंडळीही चाचपडू लागतात. सर्वसाधारण समज तीन आहेत. पहिला, पगारातून कर कापून गेला म्हणजे कर्तव्य संपले. दुसरा, बारा लाखांपर्यंत कर नाही, तेव्हा विचार करण्याचे कारण नाही. तिसरा समज सर्वांत घातक आहे. बाहेरची रक्कम शेतीच्या उत्पन्नात दाखवली की कोणी विचारत नाही, असे तो सांगतो. हे तिन्ही समज चुकीचे आहेत. पहिले दोन अज्ञानातून आले आहेत, तिसऱ्यात अज्ञानाबरोबर अप्रामाणिकपणाही मिसळला आहे.

पहिल्या दोन समजांची परीक्षा एका उदाहरणाने होईल. समजा, एका संगणक अभियंत्याचा वार्षिक पगार ११ लाख रुपये आहे. २०२५-२६ या वित्तीय वर्षातील नव्या करपद्धतीप्रमाणे ७५ हजारांची प्रमाणित वजावट जाऊन त्याचे करपात्र वेतन १० लाख २५ हजार उरते. एकूण उत्पन्न १२ लाखांच्या आत असल्याने करसवलत मिळते आणि कर शून्य होतो. साहजिकच मालक पगारातून काहीही कापत नाही. आता याच अभियंत्याने वर्षभरात ५ लाखांची बाहेरची कामे केली. अनुमानित उत्पन्नाच्या तरतुदीनुसार त्यातील निम्मी रक्कम, म्हणजे अडीच लाख, उत्पन्न धरली जाते. एकूण उत्पन्न १२ लाख ७५ हजार झाले. १२ लाखांची मर्यादा ओलांडली गेल्याने सवलत गेली आणि कर झाला ७१ हजार २५० रुपये. त्यावर ४ टक्के अधिभार धरून एकूण देणे ७४ हजार १०० रुपये. काम देणाऱ्या कंपन्यांनी १० टक्के दराने टीडीएसपोटी ५० हजार कापले असले, तरी २४ हजार १०० रुपये उरतातच. ज्याने या रकमेची तरतूद केलेली नसते, त्याला विवरणपत्र भरताना धक्का बसतो.

बारा लाखांची सवलत केवळ पगाराला नसून एकूण उत्पन्नाला आहे, हे येथे ध्यानात येते. टीडीएस म्हणजे अंतिम कर नव्हे, तो केवळ आगाऊ भरणा आहे, हेही स्पष्ट होते. १ एप्रिल २०२५ पासून व्यावसायिक शुल्कावरील टीडीएसची मर्यादा वर्षाला ३० हजारांवरून ५० हजारांवर गेली. म्हणून एखाद्या ग्राहकाने काहीच कापले नाही, तर ते उत्पन्न करमुक्त झाले असे होत नाही. परदेशातील ग्राहकाकडून आलेल्या रकमेलाही हाच न्याय आहे. भारतात निवासी असणाऱ्याचे जगभरातील उत्पन्न येथे करपात्र असते.

यावरचे उपाय कायद्यातच आहेत आणि ते अवघडही नाहीत. नोकरदाराला आपल्या अन्य उत्पन्नाची माहिती मालकाला देता येते. तसे केल्यास त्या उत्पन्नावरील करही पगारातून हप्त्याहप्त्याने कापला जातो. मालकाला सांगणे नको असेल तर आगाऊ कराचा मार्ग आहे. टीडीएस वजा जाता वर्षाचे देणे १० हजार किंवा त्याहून अधिक असेल, तर १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर आणि १५ मार्च या तारखांपर्यंत अनुक्रमे १५, ४५, ७५ आणि १०० टक्के कर भरलेला असावा लागतो. अनुमानित उत्पन्नाची पद्धत स्वीकारणाऱ्याला मात्र संपूर्ण रक्कम १५ मार्चपर्यंत एकदम भरण्याची मुभा आहे.

ही अनुमानित पद्धत २०१६ च्या वित्त अधिनियमाने ठरावीक व्यवसायांसाठी आणली. कायदा, वैद्यक, अभियांत्रिकी, वास्तुशास्त्र, लेखाकर्म, तांत्रिक सल्ला, माहिती तंत्रज्ञान आदी व्यवसाय त्यात येतात. वार्षिक जमा ५० लाखांपर्यंत, आणि रोखीचा भाग ५ टक्क्यांहून अधिक नसल्यास ७५ लाखांपर्यंत, निम्मी रक्कम उत्पन्न म्हणून जाहीर केली की खर्चाच्या प्रत्येक पावतीचा हिशेब द्यावा लागत नाही. भाषांतर किंवा शिकवणी यांसारखी कामे या यादीत नावाने नाहीत. तशी कामे करणाऱ्याने संगणक, इंटरनेट, प्रवास यांच्या पावत्या जपून ठेवाव्यात आणि आपल्या कामाला कोणती तरतूद लागू पडते ते कर सल्लागाराला एकदा विचारून घ्यावे.

विवरणपत्र निवडतानाही अनेकांची चूक होते. केवळ पगारदारांसाठी असलेला आयटीआर-१ हा नमुना व्यवसायाचे उत्पन्न असणाऱ्याला चालत नाही. अनुमानित पद्धत स्वीकारल्यास आयटीआर-४ आणि अन्यथा आयटीआर-३ भरावा लागतो. दुसरा सापळा करपद्धतीच्या निवडीचा आहे. निव्वळ पगारदार नवी किंवा जुनी पद्धत दरवर्षी निवडू शकतो. व्यवसायाचे उत्पन्न असणाऱ्याला मात्र जुन्या पद्धतीत जाण्यासाठी वेगळा अर्ज करावा लागतो. एकदा तो नव्या पद्धतीत परतला की, व्यवसायाचे उत्पन्न चालू असेपर्यंत, पुन्हा जुनीकडे जाण्याचा मार्ग बंद होतो. वस्तू व सेवा कराची भीती मात्र बहुतेकांनी सोडून द्यावी. महाराष्ट्रात सेवांसाठी नोंदणीची मर्यादा वार्षिक २० लाखांची आहे आणि नोकरीचा पगार त्या उलाढालीत धरला जात नाही.

१९६१ च्या अधिनियमाच्या जागी आयकर अधिनियम, २०२५ आला आहे. १ एप्रिल २०२६ ही त्याच्या अंमलाची तारीख. ५३६ कलमांच्या या कायद्यात कलमांचे क्रमांक बदलले आणि ‘कर वर्ष’ ही एकच संज्ञा आली. पगार आणि व्यवसाय ही दोन्ही उत्पन्ने एकत्र करून कर द्यायचा, हे मूळ तत्त्व मात्र कायम आहे.

राहिला तिसरा समज, शेतीच्या आडोशाचा. शेतीच्या उत्पन्नावर केंद्राचा आयकर नाही, हे खरे. परंतु शेतीचे उत्पन्न ५ हजारांहून अधिक आणि अन्य उत्पन्न करमुक्त मर्यादेपलीकडे असेल, तर कराचा दर ठरवण्यापुरते शेतीचे उत्पन्न जमेस धरले जाते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे शेती कागदावर सिद्ध व्हावी लागते. सातबाऱ्यावर पिकाची नोंद असते, साखर कारखान्याचे ऊसबिल टनांच्या हिशेबाने बँकेत जमा होते. एकरभर उसातून पाच लाखांचे जादा उत्पन्न कोणत्या वजनकाट्याने मोजणार? दुसऱ्या बाजूला, नोव्हेंबर २०२१ पासून उपलब्ध झालेल्या वार्षिक माहिती विवरणात टीडीएसची आणि अनेक आर्थिक व्यवहारांची नोंद आयकर विभागासमोर आधीच असते. वेळेवर न भरलेल्या करावर महिन्याला १ टक्का व्याज लागते. वरच्या उदाहरणात ते काही शेकड्यांत किंवा फार तर हजार-दोन हजारांत भागते. उत्पन्नाचे स्वरूपच खोटे दाखवल्यास मात्र बुडवलेल्या कराच्या २०० टक्क्यांपर्यंत दंडाची तरतूद आहे. विसर स्वस्तात सुटतो, लबाडी महागात पडते.

तरीही दंडाची भीती हे प्रामाणिकपणाचे खरे कारण असू नये. शेतीची करमाफी ही पावसाच्या आणि बाजारभावाच्या लहरीवर जगणाऱ्या शेतकऱ्यासाठी आहे. शहरी पगार आणि संगणकावरील कमाई त्या माफीत लपवणारा प्रत्येक जण, सर्वच शेतीवर कर लावा, असे म्हणणाऱ्यांच्या हाती आयता पुरावा देतो. खोटा शेतकरी अशा रीतीने खऱ्या शेतकऱ्याच्या मुळावर येतो, आणि बहुधा तो खरा शेतकरी त्याचाच थोरला भाऊ असतो. पं. दीनदयाळ उपाध्याय यांनी अर्थाचा अभाव आणि अर्थाचा प्रभाव हे दोन्ही समाजाला सारखेच घातक मानले होते. जोडकमाईने घरातील अभाव दूर व्हावा. तिचा प्रभाव मात्र नीतीवर पडू नये. गुरुपूजनाच्या दिवशी कोणीही न मागता, कोणालाही न दाखवता बंद पाकिटातून समर्पण करणाऱ्यांना ही वृत्ती नव्याने शिकवण्याची आवश्यकता नाही. तीच वृत्ती १५ मार्चलाही आठवावी, इतकेच.

येथे आणखी एक मर्यादा सांगितली पाहिजे. कर भरला म्हणजे जोडकामाला परवानगी मिळाली असे नव्हे. शासकीय कर्मचाऱ्याला खासगी व्यवसायासाठी पूर्वपरवानगी लागते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेतील शिक्षकांना खासगी शिकवणीस मनाई केली आहे. खासगी कंपन्यांच्या नेमणूकपत्रातही अशी अट अनेकदा असते. ती वाचून मगच बाहेरचे काम हाती घेणे शहाणपणाचे.

परंतु कर्तव्याचा उपदेश एकट्या नागरिकालाच करून भागणार नाही. गडहिंग्लज तालुक्यातील सामानगडाने हे १८४४ मध्ये दाखवून दिले आहे. गडाची चाकरी आणि तिच्या जोडीला दिलेली जमीन यांवर गडकऱ्यांची घरे चालत. इंग्रजांनी कोल्हापूर संस्थानावर बसवलेल्या दाजी कृष्ण पंडित यांच्या कारभारात त्या जमिनींची व्यवस्था मामलेदारांकडे नेण्यात आली आणि गडकऱ्यांनी शस्त्र उचलले. परकीय सत्तेच्या छायेतील त्या कारभाराला, ज्याच्याकडून घ्यायचे त्याला समजावून घ्यावे, याची गरज वाटली नव्हती. १८५७ च्या स्वातंत्र्यसमरानंतर १८६० मध्ये भारतात आलेला आयकरही युद्धाचा खर्च भरून काढण्यासाठी परक्यांनी लादलेला होता. आजचा कर स्वराज्याचा आहे. सीमेवरील जवानाच्या आणि गावच्या रस्त्याच्या कामी तो येतो. म्हणूनच तो गोळा करण्याची रीतही स्वराज्याला शोभेल अशी हवी.

यासाठी फार मोठ्या योजनांची गरज नाही. जोडउत्पन्नासाठी सुबोध मराठीतील एक पानी मार्गदर्शिका आयकर विभागाने तालुक्याच्या ठिकाणी पोहोचवावी. पगारपत्रकासोबत ‘अन्य उत्पन्न असल्यास कळवा’ अशी सूचना मालकांनी वर्षारंभीच द्यावी. भारतीय मजदूर संघ, ग्राहक पंचायत आणि लघु उद्योग भारती यांच्या स्थानिक कार्यकर्त्यांनी गावातील करसल्लागारांना सोबत घेऊन दर फेब्रुवारीत एक दिवसाचे मार्गदर्शन शिबिर भरवावे, म्हणजे १५ मार्चपूर्वी हिशेब मांडायला अवधी मिळेल. आणि जोडकाम करणाऱ्याने स्वतः तीन गोष्टी कराव्यात : या कमाईसाठी वेगळे बँक खाते, प्रत्येक कामाचे बिल, आणि आलेल्या प्रत्येक रकमेतील ठरावीक हिस्सा करासाठी बाजूला.

गडहिंग्लजच्या जुन्या हिशेबनिसाला दुसऱ्याच्या वहीतील पैचाही घोळ खपत नसे. आजच्या तरुणाने तीच कडक नजर स्वतःच्या वहीकडे वळवावी. ज्याची वही स्वच्छ आहे, त्याला नोटिशीचे भय नाही, आणि कराच्या जाचाविरुद्ध सरकारला ठणकावून जाब विचारण्याचा अधिकारही त्यालाच शोभतो.