चिठ्ठी चाकराच्या हातात

1901 च्या सुमाराची गोष्ट. साताऱ्याहून लहानगे बाबासाहेब भाऊ-भाच्यांसंगं खटाव तालुक्यातल्या गोरेगावला वडिलांकडं निघाले. आधी चिठ्ठी धाडली होती. ती चाकराला मिळाली, त्यानं वडिलांना दिलीच नाही. मसूर स्टेशनावर कुणी नाही. जात कळल्यावर गाडीवाला हाकेना. दुप्पट भाडं देऊन पोरांनीच गाडी हाकली, रात्रभर प्यायला पाणी नाही.

सर्व्हर म्हणजे तरी काय? चाकरच. आपली पत्रं, मोर्च्याचे निरोप, कविता परक्या कंपनीच्या सर्व्हरवर पडून. खातं बंद पाडलं की बसा बोंबलत! गोदीत आम्ही माल उतरवून घेतो, जहाजावर ठेवून घरी जात नाही.

सातारा-सांगलीच्या पोरांनो, जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स घाला. फेचमेल फुकट आहे, 1996 पासूनचा. त्याच्या फायलीत सर्व्हर, खातं, पासवर्ड लिहा. फायलीला 600 ची परवानगी द्या, दुसऱ्यानं डोकावू नये. ‘कीप’ लिहा, नायतर तिकडची प्रत पुसली जाते. आलेलं टपाल प्रोकमेल घरच्या पेटीत टाकतो. मग मट उघडा. काळा पडदा, नुसती अक्षरं, जाहिरात नाही. नेट गेलं तरी वाचता येतं.

शिकलेल्यांचं काम म्हणता? मी मॅट्रिक आहे.