पडद्यावरची मैत्रीण घरी येते तेव्हा



गेल्या आठवड्यात मंदिरात एका ताईंनी मला विचारलं, "मोबाईलवरच्या ओळखीच्या बाईंना घरी कशा काय ठेवून घेतलंत हो? आणि भेटून वेगळं असं काय मिळालं?" तिथे मी नुसती हसले. घरी आल्यावर मात्र तो प्रश्न डोक्यातून जाईना, म्हणून इथे लिहिते. माझं मत आधीच सांगून टाकते. आपल्याच स्वभावाच्या कुणाशी परदेशात ओळख झाली असेल, तर संधी मिळताच भेटावं. पण "आपण दोघी अगदी सारख्या" हा समज सोबत नेऊ नये.

२०२० साली टाळेबंदीत मंदिरं बंद झाली आणि आमचा झूमवरचा स्वाध्याय सुरू झाला. ग्रंथ घेतला तत्त्वार्थसूत्र, कारण तो दिगंबर आणि श्वेतांबर दोघांनाही मान्य आहे. आम्ही ग्रंथकर्त्यांना उमास्वामी म्हणतो, ते उमास्वाती म्हणतात, एवढंच. त्या मोठ्या वर्गातून हळूहळू आम्ही पाचजणी जवळ आलो. मी सांगलीची, बाकीच्या लेस्टर, नैरोबी, सिंगापूर आणि न्यू जर्सीच्या. आमच्याकडे दुपारचे चार वाजले की लेस्टरला उन्हाळ्यात साडेअकरा आणि हिवाळ्यात साडेदहा. न्यू जर्सीच्या ताई उन्हाळ्यात सकाळी साडेसहाला अंघोळ उरकून बसायच्या. सिंगापूरच्या ताई जेवण आटोपूनच यायच्या, कारण तिथे तेव्हा संध्याकाळचे साडेसहा आणि सातच्या सुमाराला सूर्यास्त.

पाचहीजणींचा स्वभाव एकच. मंडळात पुढे बसायचं नाही, माइक हातात घ्यायचा नाही, पण वहीत सगळं उतरवून घ्यायचं. कार्यक्रम ऐनवेळी बदलला की पोटात गोळा येतो. सूनबाईने एकदा मला मोबाईलवर स्वभावाची चाचणी द्यायला लावली. त्यात माणसांचे १६ प्रकार असतात आणि प्रत्येक प्रकाराला चार इंग्रजी अक्षरं. गंमत म्हणून मी ती गटात पाठवली, तर पाचपैकी तिघींची चारही अक्षरं एकच! काय आनंद झाला म्हणून सांगू. जन्मभर "ही फार घुमी आहे" असं ऐकत आलेल्या बाईला साठीनंतर कळतं की आपल्यासारख्या आणखीही आहेत, तेव्हा खरंच धीर येतो.

पुढे लेस्टरच्या बेन एका जानेवारीत भाच्याच्या लग्नाला मुंबईला आल्या आणि दोन दिवस सांगलीला येते म्हणाल्या. मी हो म्हटलं खरं, पण रात्रभर झोप नाही. गटात मी शांत, समजूतदार बाई म्हणून ओळखली जाते. आठवड्यातून एक तास शांत राहणं कुणालाही जमतं. घरी मी कशी आहे ते ह्यांना विचारा.

आणि झालंही तसंच. सव्वासहाला सूर्यास्त, म्हणून मी पाचलाच ताटं घ्यायची तयारी ठेवली होती. त्यांची गाडी रस्त्यात अडकली आणि त्या पोचल्या सातला. सगळा स्वयंपाक तसाच राहिला. त्या "काही नको, फक्त बसते" म्हणाल्या. माझी चिडचिड झाली आणि ती निघाली सूनबाईवर, तीही पाहुण्यांच्या देखत. नंतर आम्ही दोघी समोरासमोर बसलो, तर बोलायला कुणीच सुरुवात करेना. दोन अबोल बायका, दोघीही दुसरीची वाट बघतायत! शेवटी ह्यांनीच हवापाण्याच्या गप्पा मारून वेळ निभावली. मला वाटलं, उगीच बोलावलं.

रात्री नऊला मी त्यांना पांघरूण द्यायला गेले, तर त्यांच्या हातात अर्धा खाखरा. त्या एकदम उठून उभ्या राहिल्या, चोरी सापडल्यासारख्या. खरं सांगते, पहिल्यांदा माझ्या मनात रागच आला. गटात रात्रिभोजन त्यागावर आम्ही किती वेळा बोललो होतो आणि दरवेळी त्या मान हलवत होत्या.

मग त्या सांगू लागल्या. लेस्टरला डिसेंबरात दुपारी चारच्या आतच सूर्यास्त होतो, आणि त्या दुकानात पाचपर्यंत उभ्या असतात. मधुमेहाची संध्याकाळची गोळी उपाशीपोटी घेता येत नाही. जूनमध्ये साडेनऊपर्यंत उजेड, तेव्हा नियम सहज पाळला जातो. हिवाळ्यात पाळता येत नाही. "पण ताई, तुमच्यासमोर हे कसं सांगू? तुम्ही तर रोज सामायिक करता," असं त्या म्हणाल्या.

आता लाजायची पाळी माझी. रोज सामायिक करते असं मी गटात सांगितलं होतं ते खरं. ४८ मिनिटं मी बसतेही. पण त्यातली निम्मी वेळ उद्या भाजी कोणती आणि दूधवाल्याचे पैसे किती, यातच जाते. कॉमर्स शिकलेली बाई, हिशेब सुटत नाही! हे मी कुणालाच कधी सांगितलं नव्हतं. त्या रात्री बेनना सांगितलं. आम्ही दोघी इतक्या हसलो की सूनबाई बघायला आली. मग मी तिथेच तिचीही माफी मागितली.

मैत्रिणींनो, मला जे म्हणायचं आहे ते हेच. दरवर्षी त्यांची संवत्सरी होते तेव्हा बेनचा "मिच्छामि दुक्कडम्" येतो, आणि लगेच आपलं दशलक्षण सुरू होतं. ते संपलं की क्षमावाणीला मी त्यांना "उत्तम क्षमा" पाठवते. किती वर्षं पाठवत होते! पण तोवर आमच्यात क्षमा मागण्यासारखं घडलंच काय होतं? पडद्यावर चूक व्हायला जागाच नसते. आवडलं नाही तर कॅमेरा बंद करता येतो. ज्या माणसाकडून आपल्याला त्रास झालेला नाही आणि ज्याला आपला त्रास झालेला नाही, त्याच्याशी केलेली क्षमावाणी ही नुसती रीत. एका छपराखाली राहिलं, वेळ चुकली, तोंडातून वेडंवाकडं गेलं, की मग त्या शब्दाला अर्थ येतो.

कुणी म्हणेल, दुरून डोंगर साजरे ते बरे, असलेला गोडवा का घालवायचा? मलाही आधी तसंच वाटत होतं. पण तो गोडवा आपण आपल्याच सोयीने रंगवलेल्या बाईबद्दल असतो. आपल्या कर्मशास्त्रात मूळ प्रकृती ८ आणि उत्तर प्रकृती १४८ सांगितल्या आहेत. चार अक्षरांत माणूस कुठला मावायला? आणि सातव्या अध्यायात मैत्री, प्रमोद, कारुण्य, माध्यस्थ्य या चार भावना येतात, तिथे मैत्री सर्व जिवांसाठी आहे, फक्त आपल्या स्वभावाच्या माणसांसाठी नाही. सारखा स्वभाव ओळखीला पुरतो. मैत्रीला त्याहून जास्त लागतं.

आता थोडं व्यवहाराचं. अनोळखी व्यक्तीला एकदम घरी बोलावू नका. आमची ओळख अनेक वर्षांची होती आणि एकमेकींच्या घरची माणसं कॅमेऱ्यावर बोललेली होती. पहिली भेट मंदिरात ठेवावी, घरच्यांना सांगून जावं आणि ओळखीत पैशांची देवघेव आणू नये. मुक्काम दोनच रात्रींचा बरा. आणि आपल्यासारख्या अबोल बायकांनी नुसतं समोरासमोर बसू नये, हाताला काम असावं. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघींनी मिळून मटार सोलले आणि गप्पा आपोआप सुरू झाल्या. मग कुंभोजला गेलो. बाहुबलींच्या २८ फुटी मूर्तीसमोर बराच वेळ बसलो. तिथेही आम्ही गप्पच होतो, पण ते गप्प बसणं आदल्या संध्याकाळसारखं अवघड नव्हतं.

आपल्यापैकी कितीतरी जणी लेकी-सुनांच्या बाळंतपणाला परदेशी जातात आणि सहा महिने खिडकीतून रस्ता बघत काढतात. जाण्याआधी त्या गावात आपल्या स्वाध्यायातलं कोण आहे ते वहीत लिहून न्या. लेस्टरमधलं मंदिर तर पूर्वी चर्च होतं. १९८८ पासून तिथे श्वेतांबर-दिगंबर दोघांचीही पूजा एकाच छपराखाली होते. मलाही एकदा जायचं आहे.

हे सगळं बेनना वाचून दाखवूनच इथे टाकते आहे. त्या म्हणाल्या, "खाखऱ्याचं राहू द्या ताई, तेच खरं आहे."

माझं काही चुकलं असेल तर उत्तम क्षमा. जय जिनेंद्र.