फ्लॅटचा थ्रीडी फोटो बघून टोकन देताय? आधी त्यात पलंग ठेवून बघा!

पुणे, ठाणे, नाशिक, कुठल्याही शहरातली नव्या प्रोजेक्टची जाहिरात बघा. साइटवर अजून पाया खोदायचं काम चालू असतं, पण मोबाइलवर हॉल तयार असतो. सोफ्यावर उशा, कुंडीत झाड, फरशीवर सकाळचं कोवळं ऊन. हा फोटो नसतो, हे रेंडर असतं. म्हणजे कॉम्प्युटरने हिशोब करून काढलेलं चित्र.

रेंडरमध्ये मुळात काही खोटं नसतं. सॉफ्टवेअरमध्ये भिंती, खिडक्या, फर्निचर यांचं मॉडेल बनवतात. मग प्रकाशाचा किरण कुठे आपटेल, कुठे वळेल, काचेतून कसा जाईल, हे गणिताने काढतात. याला रे ट्रेसिंग म्हणतात. गडबड होते ती कॅमेरा कुठे ठेवला आणि फर्निचर केवढं घेतलं, इथे.

खोली मोठी कशी दिसते?

पहिली युक्ती कॅमेऱ्याची. खऱ्या खोलीत तुम्ही भिंतीला पाठ लावून उभे राहू शकता, त्याच्या मागे जाता येत नाही. सॉफ्टवेअरमध्ये मात्र एक भिंत लपवायची आणि कॅमेरा थेट बाहेर नेऊन ठेवायचा. वर वाइड अँगल लावला की दहा फुटी बेडरूम हॉटेलच्या खोलीसारखी दिसते.

दुसरी युक्ती फर्निचरची. मॉडेलमधला पलंग माउसने ओढून लहान करता येतो. साडेसहा फुटांचा पलंग साडेपाच फुटांचा केला तरी चित्रात कोणाच्या लक्षात येत नाही.

आता तर एआय अ‍ॅप्स आली आहेत. रिकाम्या खोलीचा फोटो टाका, काही सेकंदांत सजवलेली खोली मिळते. इथे फरक समजून घ्या. रेंडरच्या मागे निदान मापाचं मॉडेल असतं. एआयने बनवलेल्या चित्राच्या मागे बहुतेक वेळा तसं काहीच नसतं. ते खिडकी रुंद करेल, कॉलम गायब करेल आणि तुम्हाला सांगणारही नाही. रंग कुठला द्यावा, पडदे कसे दिसतील यासाठी ते मस्त आहे. घर घ्यायचा निर्णय त्यावर घेऊ नका.

तेच हत्यार आपल्याकडेही आहे

मला यातली खरी बातमी वेगळीच वाटते. ही सॉफ्टवेअर फक्त विकणाऱ्याकडे नाहीत, ती घेणाऱ्याकडेही आहेत. ‘स्वीट होम थ्रीडी’ फुकट आणि ओपन सोर्स आहे, ब्राउझरमध्येही चालतं. ‘स्केचअप’चीही वेबवर फुकट आवृत्ती आहे. ब्रोशरमधला प्लॅन फोटो म्हणून आत घ्यायचा, एका भिंतीचं माप सांगून स्केल लावायचं आणि वरून भिंती गिरवायच्या. शनिवार-रविवारात जमणारं काम आहे.

मी १० बाय १० फुटांच्या बेडरूमचा हिशोब मांडतो. प्लॅनवर ती ३.०५ मीटर लिहिलेली असेल. पलंग ६ बाय साडेसहा फूट. पलंगाच्या पायथ्याशी समोरच्या भिंतीला २ फूट खोल कपाट. साडेसहा अधिक दोन म्हणजे साडेआठ. मधे उरला दीड फूट. कपाटाचं दार दीड फूट रुंद असेल तर ते उघडल्यावर उभं राहायला जागाच नाही. म्हणजे सरकती दारं तरी लावा, नाहीतर पलंग लहान घ्या. हे तुम्हाला रेंडर सांगत नाही, वरून बघितलेला साधा टूडी प्लॅन सांगतो.

दुसरी तपासणी उन्हाची. ‘स्वीट होम थ्रीडी’मध्ये उत्तर दिशा, गाव आणि तारीख घालता येते. पुण्यात डिसेंबरमध्ये भर दुपारी सूर्य दक्षिणेकडे साधारण ४८ अंशांवर असतो, म्हणून दक्षिणेच्या खिडकीतून ऊन आत येतं. जूनमध्ये तोच सूर्य जवळपास डोक्यावर असतो. पश्चिमेची खिडकी असेल तर एप्रिलची दुपारी चारची वेळ घालून बघाच. मात्र शेजारची इमारत मॉडेलमध्ये उभी केली नाही, तर हे ऊन कागदावरचंच राहील.

सॉफ्टवेअर ‘हो’ म्हणतं, इमारत नाही म्हणते

स्क्रीनवर कुठलीही भिंत एका क्लिकमध्ये उडते. पण मायवन पद्धतीने बांधलेल्या इमारतींत आतल्या भिंतीही काँक्रीटच्या असतात आणि इमारतीचा भार पेलतात. ‘किचनची भिंत पाडून ओपन किचन करू’ हे तिथे चालत नाही. बाथरूमची जागा बदलली तर खालच्या पाइपांचं आणि उताराचं काय, हेही सॉफ्टवेअर विचारत नाही. ते इंजिनिअरलाच विचारायचं.

कायदा काय म्हणतो?

२०१६ च्या रेरा कायद्यात कार्पेट एरियाची व्याख्या स्पष्ट आहे. आतल्या भिंती त्यात धरतात. बाहेरच्या भिंती, डक्ट, बाल्कनी आणि टेरेस धरत नाहीत. जाहिरातीतला आकडा नेमका कशाचा आहे, हे विचारा. कलम १२ नुसार जाहिरातीतल्या किंवा सॅम्पल फ्लॅटमधल्या चुकीच्या माहितीवर विसंबून पैसे भरले आणि नुकसान झालं, तर भरपाई मागता येते. व्यवहारातून बाहेर पडायचं असेल तर व्याजासह पैसे परत मागता येतात. कलम १३ नुसार नोंदणीकृत करार होण्याआधी किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही.

महाराष्ट्रात १ ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीवर महारेराचा क्यूआर कोड लागतो. तो स्कॅन करा, प्रोजेक्टची नोंदवलेली माहिती उघडेल. मंजूर प्लॅन बघून मापं तिथून घ्या, ब्रोशरमधून नको. आणि जाहिरातीचे स्क्रीनशॉट तारखेसकट जपून ठेवा, उद्या वाद झाला तर तोच तुमचा पुरावा.

घरात आई-बाबा आयुष्यभराची बचत घालणार असतात आणि मोबाइल तुमच्या हातात असतो. टोकन द्यायच्या आदल्या रात्री त्यांना रेंडर दाखवू नका. प्लॅन दाखवा, त्यात घरातलाच पलंग आणि कपाट ठेवलेला.